दाजीशेठच्या ट्रॉलरचं गाऱ्हाणं

"गंगारामा, घरात हस काय रे?"

दाजीशेठ मालंडकर माझ्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभा होता. एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात शेंडीचा नारळ. शेठ कधी कुणाच्या दारात जात नसे. लोकच त्याच्या माडीखाली उभे राहून हाका मारत. त्यामुळे आमची कोंबडीसुद्धा दाणे टिपायची थांबून मान वाकडी करून बघायला लागली.

"हंय ना. पण नारळ कित्याक, शेठ? घरात कोण आजारी नाय."

"गाऱ्हाणा घालूचा हा. उद्या सकाळी."

"कसला?"

"ट्रॉलर भायर काढतंय."

मी हसलो. हसण्याचं कारण सांगतो. त्या काळी मी शिरगुळं बंदरातल्या सरकारी गस्ती नौकेचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, होतो. पावसाळ्यात मासे अंड्यावर येतात, म्हणून इंजिनाच्या बोटींना समुद्रात जायला बंदी असते. तेव्हा ती नारळी पुनवेपर्यंत असायची. ती मोडून कुणी गेलाच तर त्याला दर्यात गाठायचं, हे माझं काम. म्हणजे चोरानं शिपायाच्या दारात यावं आणि म्हणावं, उद्या घरफोडीला निघालोय, जरा मुहूर्त काढून द्या.

"शेठ, पुनव अजून आठवड्यावर हा."

"पुनव देवाची, बंदी सरकारची, बोट माझी. तू मधी पडा नको."

"मी मधीच हंय. सरकारी टोपी माझ्या डोक्यार हा."

"ती टोपी उद्या घराक ठेव आणि मुंडासा बांधून ये," शेठ म्हणाला. "गाऱ्हाणा घालणारो तू. तुझो आजो घाली, बापूस घाली, आता तू. गाऱ्हाण्याशिवाय माझे खलाशी फळयेर पाय ठेवणत नाय, ह्या तुका म्हायत हा."

हे मात्र खरं होतं. आमचे लोक सरकारच्या डोळ्यांत धूळ टाकतील, कलेक्टरला समोरासमोर फसवतील, पण खाडीच्या मुखावरच्या राखणदारापुढं नारळ फुटल्याशिवाय, गाऱ्हाणं घातल्याशिवाय मोसमातली पहिली बोट हलायची नाही. राखणदार म्हणजे एक काळा उभा दगड. त्याला ना नाक, ना डोळे. पण खाडीतून बाहेर जाणारं आणि आत येणारं सगळं तो बघतो, अशी आमची समजूत. आणि त्याच्यापुढं गाव, वेस, दर्या यांची नावं घेऊन मागणं मागायचा मान आमच्या घराण्याचा. एकानं मागायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नारळ घेऊन दारी आलेल्याला आमच्या घरातून आजवर कुणी 'नाही' म्हटलेलं नव्हतं. तो चोर असो, सावकार असो, नाहीतर आमचा व्याही असो.

शेठ नारळ ओट्यावर ठेवून निघून गेला. तशी माझी बायको सुभद्रा माजघरातून बाहेर आली.

"हो म्हणालात?"

"नाय म्हणालंय नाय."

"म्हणजे हो." तिनं नारळ उचलून हलवून बघितला. "गेल्या वर्षी तुमीच गाऱ्हाणा घातलात आणि ह्योच पयलो गेलो. ह्येच्या मागसून सगळी गेली. गाबोळीची पापलेटां, गाबोळीची सरंगा, सगळी खरवडून आणली. आणि दसऱ्याक मी टोपलेत काय घेऊन बाजारात गेल्लंय, म्हायत हा?"

"बरफ."

"बरफ. गिऱ्हाईक विचारी, मावशे, मासो खंय? मी सांगी, वितळलो."

ही थट्टा नव्हती. म्हणजे होती, पण तिच्या खाली रडू होतं. त्या वर्षी दसऱ्यापासून अर्ध्या बोटी वाळूवर पडून होत्या. माणसं गोव्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेली. जे राहिले ते पत्ते खेळत. या पावसाळ्यातही दाजीशेठ पुढं गेला असता तर बाकीचे मागं थांबणार नव्हते. सगळ्यांनी जाळी बांधून तयार ठेवलीच होती. आणि सलग दुसऱ्या वर्षी अंड्यावरचा मासा गेला असता, तर शिरगुळ्याला बंदर म्हणायचं काही कारण उरलं नसतं.

मी टोपी घातली आणि गेडाम मॅडमना सांगायला धक्क्यावर गेलो.

मत्स्य खात्याच्या परवाना अधिकारी वर्षाराणी गेडाम मूळच्या भंडाऱ्याकडच्या. तिकडं तळी आहेत, समुद्र नाही. पहिल्यांदा बोटीत बसल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काका, दुसरा काठ कुठं हाय?" मी म्हटलं, आफ्रिकेत. तेव्हापासून त्या जोरात ओकत, पण बोटीतून उतरत नसत. एका हातात आल्याचा तुकडा, दुसऱ्या हातात दुर्बीण.

आणि बोट. तिच्याविषयी बोलायला हवं. खात्याकडे स्वतःची बोट नव्हती, म्हणून गस्तीसाठी भाड्यानं बोट घ्यायची जाहिरात निघाली. आपल्याच लोकांना पकडायला बोट कोण देणार? कुणी अर्ज केला नाही. माझा एकट्याचा होता, तो मंजूर झाला. बोटीचं नाव 'गरुडप्रसाद'. आजोबांनी बांधली, वडलांनी दुरुस्त केली, मी फक्त तिची समजूत घालत असे. तिच्या वेगाविषयी एवढंच सांगतो. एकदा गस्तीवर असताना एक कासव आमच्या बरोबरीनं पोहत आलं. बराच वेळ थांबून थांबून चाललं, आणि शेवटी कंटाळून पुढं निघून गेलं. जाताना त्यानं वळून बघितलं. मॅडम साक्षीला होत्या, पण त्या वेळी त्या कठड्यावरून खाली वाकलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना विचारून उपयोग नाही.

आजवर आम्ही एकही बोट पकडली नव्हती. ट्रॉलरवाले आमच्या पुढून जाताना हात हलवत, आणि एकानं तर दोर फेकून विचारलं होतं, "ओढून नेऊ काय?"

मी सगळं सांगितलं. मॅडम धक्क्यावरच्या खांबाला टेकून ऐकत होत्या.

"बंदरात बांधलेल्या बोटीले मी हात लावू शकत नाही," त्या म्हणाल्या. "दर्यात गेली तर धरू शकते. पण दर्यात गेली का ती आपल्याले सापडत नाही."

"मग मी गाऱ्हाणं घालत नाही. मान गेला तर गेला."

"काहून? घाला ना. गाऱ्हाण्यावर कुठं बंदी हाय?" त्यांनी आलं चावलं. "काका, एक सांगा. त्या गाऱ्हाण्यात देवाले काय काय मांगता?"

"वारा सांभाळ, लाट सांभाळ, जाळं भर, वाईट नजर टाळ. समोर असेल त्याचं सगळं."

"आणि जे समोर नसेल त्याचं?"

"म्हणजे?"

"मासोळीचं. तिच्याकडून कोणी नारळ आणत असेल असं वाटत नाही." त्या दुर्बीण पुसायला लागल्या. "आमच्या गावी तळ्यावर गाभण मासोळी धरली तर माहा बाप बोलत नव्हता. नुसता पाहत राहे. त्या पाहण्याची लय भीती वाटे."

मी घरी आलो. त्या संध्याकाळी सुभद्रेनं मला जेवायला दोनदा हाक मारली. मी ओट्यावर बसून स्वतःशी बोलत होतो. तिला वाटलं, वय झालं.

सकाळी उघडीप होती. दर्या तेलासारखा सपाट. राखणदारापाशी अख्खं बंदर जमलं होतं. दाजीशेठ कोऱ्या धोतरात. त्याचे खलाशी बोचकी घेऊन. मागे बायका, आणि त्यांच्या मागे बाकीचे बोटवाले. ते बघायला आल्यासारखे उभे होते, पण त्यांच्याही बोटी डिझेल भरून तयार होत्या. एका कडेला शेठच्या ट्रॉलरचा इंजिन ड्रायव्हर इनास डिकोस्ता टोपी काढून उभा होता. तो किरिस्ताव. पण दरवर्षी गाऱ्हाण्याला यायचा, आणि त्याचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत स्पष्ट असायचा. सगळ्यांत शेवटी गेडाम मॅडम, डोक्यावरून ओढणी घेऊन.

"ही कित्याक इली?" शेठ माझ्या कानाशी पुटपुटला.

"देवाकडे येवक परवानो लागणा नाय, शेठ."

मी मुंडासं बांधलं, नारळ हातात घेतला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या मुखाच्या, ह्या खाडयेच्या, ह्या बंदराच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझा लेकरू दाजी मालंडकर तुझ्या पायाकडे नारळ घेऊन उभा हा..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या बोटीक वाऱ्यापासून सांभाळ, लाटेपासून सांभाळ, खडपापासून सांभाळ..."

"व्हय म्हाराजा!"

आता 'व्हय म्हाराजा' म्हणायला डोकं लागत नाही. ते गळ्यातून येतं. लहानपणापासून सवय. एकदा गाऱ्हाणं घालताना माझ्या आजोबांना ठसका लागला, तर लोकांनी ठसक्यालासुद्धा व्हय म्हाराजा म्हटलं होतं. मी चाल धरली. खलाशांची घरं सांभाळ. व्हय म्हाराजा. त्यांच्या पोराबाळांचं कल्याण कर. व्हय म्हाराजा. कोण वाकड्या नजरेनं बघेल त्याची नजर सरळ कर. व्हय म्हाराजा. आवाज वाढत चालला, दगडावरून परत यायला लागला, आणि त्या लाटेवर मी माझी होडी सोडली.

"आणि म्हाराजा, तुझ्याच दर्यात तुझ्यो लेकी पोटात गाबोळी घेऊन माहेराक इल्यो हत..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येंका सुखान मोकळी होवंदे, त्येंची पोरां मोठी होवंदेत..."

"व्हय म्हाराजा!" हा आवाज बायकांच्या बाजूनं जास्त आला.

"आणि पुनवेच्या आधी जो कोण त्येंच्यार जाळा टाकूक जायत, मगे तो गरीब असो, शेठ असो, नारळ देणारो असो नायतर नारळ फोडणारो असो..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येचा इंजिन तू थंयच बंद पाड. पण म्हाराजा, जीव कोणाचो घेव नको. सगळ्यांसमोर ओढीत घराक आण!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मी नारळ फोडला. एका घावात दोन भकलं. पाणी शेठच्या धोतरावर उडालं.

सगळ्यांत मोठा 'व्हय म्हाराजा' दाजीशेठचाच होता. त्याचे हात अजून जोडलेले होते, आणि तोंड उघडं होतं. मग ते उघडंच राहिलं. मागे कुठंतरी एक बाई फिसकन हसली. ती सुभद्रा होती, हे मी आवाजावरून ओळखलं.

"गंगारामा," शेठ म्हणाला, "तू काय बोललंस?"

"तुमी व्हय म्हणालात ता."

"फिरव ते शब्द."

"नारळ फुटलो, शेठ. तो जोडून द्या, मी शब्द फिरवतंय."

शेठचा सगळ्यांत जुना खलाशी होता, त्यानं आपलं बोचकं उचललं आणि घराच्या वाटेला लागला. शेठनं हाक मारली तर तो वळून म्हणाला, "मी आताच व्हय म्हणालंय, शेठ. माझी बायल पण हयसरच होती, तिणा ऐकल्यान हा." त्याच्या मागोमाग दुसरा गेला. तिसऱ्यानं चपला शोधायचं निमित्त केलं. बाकीचे बोटवाले आपापल्या पायांकडं बघत उभे राहिले.

दाजीशेठ तसा भित्रा नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यानं धोतर झटकलं आणि म्हणाला, "दगड तो दगड. मी स्वता सुकाणू धरतंय. कोण येता?"

कुणी हललं नाही.

"मी येतंय, शेठ," इनास म्हणाला.

"बघा," शेठ ओरडला, "ह्येका तुमचो राखणदार लागणा नाय, तो तरी येता. ह्यो एकच मरद."

इनासनं टोपी घातली आणि फळीवरून सगळ्यांत आधी ट्रॉलरवर चढला. त्याला बघून लाजेनं आणखी दोघे चढले. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. धूर राखणदाराच्या तोंडावर गेला. मला वाईट वाटलं. इनास माझा जुना दोस्त; आम्ही एका शाळेतून एकाच दिवशी पळालेलो. पण विचार करायला वेळ नव्हता. मी मुंडासं सोडलं, खिशातून सरकारी टोपी काढली, आणि 'गरुडप्रसाद'कडं पळालो. मॅडम आधीच बोटीत होत्या.

"चला काका."

'सागरसम्राट', म्हणजे शेठचा ट्रॉलर, मुखातून बाहेर पडला तेव्हा आम्ही अजून धक्क्याचा निरोप घेत होतो. शेठनं वरच्या केबिनमधून हात हलवला. बाकीचे बोटवाले किनाऱ्यावर ओळीनं उभे. ते कशाची वाट बघत होते ते मला दिसत होतं. ट्रॉलर काळ्या खडपाच्या, म्हणजे मुखाबाहेर पाण्यातून वर आलेल्या कातळाच्या, पलीकडं गेला आणि काही झालं नाही, तर दगड दगडच ठरणार होता, आणि सगळे निघणार होते.

"काका," मॅडम कठड्याला धरून म्हणाल्या, "ही बोट चालून राहिली का समुद्रच खालून जाऊन राहिला?"

"दोन्ही थोडं थोडं."

ट्रॉलर लहान होत गेला. नारळाएवढा झाला. सुपारीएवढा झाला. मी मनात राखणदाराला म्हटलं, म्हाराजा, माझं काही नाही, मी म्हातारा झालो, पण सुभद्रेच्या टोपलीचं बघ. ट्रॉलर मिरीएवढा झाला.

आणि मग तो लहान व्हायचा थांबला.

मी डोळे चोळले. मॅडमनी दुर्बीण लावली, बाजूला केली, एकदा समुद्रात ओकल्या, आणि पुन्हा लावली.

"काका, ते थांबले का आपण वेगात आलो?"

"मॅडम, तुम्ही वेगातच म्हणा. बोटीला बरं वाटेल."

मिरीची सुपारी झाली, सुपारीचा नारळ झाला. ट्रॉलर काळ्या खडपाच्या आडोशाला, जिथं चिखल आहे आणि नांगर पक्का धरतो, नेमका तिथं उभा होता. नांगर टाकलेला. जाळं अजून पाण्यात गेलेलं नव्हतं. अर्धं फळीवर लोंबत होतं. शेठ इंजिनाच्या भोकात तोंड घालून ओरडत होता, आणि आतून इनासचा आवाज येत होता, "बघतंय शेठ, बघतंय, देवाशपथ बघतंय."

'गरुडप्रसाद' ट्रॉलरला जाऊन लागली. मॅडमचा चेहरा पिवळा पडलेला, केस विस्कटलेले, ओठाला आल्याचं साल चिकटलेलं. पण त्या फळीवर चढल्या तेव्हा शेठ दोन पावलं मागं सरकला.

"दाजी मालंडकर, बंदीच्या काळात बोट समुद्रात. जाळं उघडं. बोट ताब्यात घेतली जात आहे."

"मॅडम, मी... इंजिनाची ट्रायल घेत होतंय."

"जाळं लावून?"

मॅडम खाली इंजिनाच्या खोलीत गेल्या. जरा वेळानं नाकाला रुमाल लावून वर आल्या. त्यांनी एकदा इनासकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "बिघाड हाय. कारण समजून नाही राहिलं. काका, दोर टाका."

मी दोर हातात घेतला. आमच्या आयुष्यात इतर बोटींनी आमच्याकडं दोर फेकलेला. आम्ही कुणाकडं फेकला नव्हता. मी तो असा फेकला की दाजीशेठलाच झेलावा लागला.

"ओढून नेऊ काय, शेठ?" मी विचारलं.

तो दिवस मी अजून सुपारीसारखा चघळतो. सगळ्यांत मंद बोट, तिच्या मागं दोराला बांधलेला बंदरातला सगळ्यांत मोठा ट्रॉलर, आणि पुढच्या टोकाला उभ्या गेडाम मॅडम. त्या परतीच्या वाटेवर एकदाही ओकल्या नाहीत. 'गरुडप्रसाद' इतकी हळू चालली की किनाऱ्यावरच्या लोकांना घरी जाऊन पेज जेवून परत येता आलं, आणि कुणी आलं नाही असं झालं नाही. मधे कधीतरी मी मागं बघितलं तर ट्रॉलरच्या शेजारून एक कासव येत होतं. तेच. मी ओळखलं. या वेळी ते आमच्या मागं होतं, आणि पुढं जायची त्यानं हिंमत केली नाही.

आम्ही मुखाशी आलो. राखणदाराच्या दगडाभोवती अख्खं बंदर उभं. मग सुभद्रा पुढं झाली, डोक्यावरची रिकामी टोपली उतरवून कमरेला लावली, आणि ठणठणीत आवाजात म्हणाली,

"सगळ्यांसमोर ओढीत घराक आणलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. धक्क्यावरचे कावळे उडाले ते दोन दिवस परतले नाहीत. दाजीशेठ केबिनमध्ये खाली बसला. आणि बाकीचे बोटवाले एकेक करून आपल्या बोटींकडं गेले आणि जाळी उतरवून घरी घेऊन आले.

पुनवेपर्यंत खाडीच्या मुखातून एक होडीसुद्धा बाहेर गेली नाही. शेठवर खटला चालला, त्यानं दंड भरला. पुनवेच्या सकाळी तो पुन्हा माझ्या खळ्यात आला, नारळ घेऊन. म्हणाला, "ह्या खेपेक साधा घाल." मी साधं घातलं. त्या मोसमात जो मासा आला तो मी सांगितला तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल. पापलेट एवढं की ताटात घातलं तर शेपूट शेजारच्याच्या ताटात, आणि त्यावरून भांडणं. सुभद्रेनं नवी टोपली घेतली, मोठी. गोव्याला गेलेली माणसं परत आली. पुढल्या वर्षी बंदी लागायच्या आधीच बोटी वाळूवर चढल्या, आणि सगळ्यांत आधी दाजीशेठची. कुणी जरा लवकर निघायचं बोललं तर तोच सांगे, "नको रे झिला. त्या दगडाक इंजिन समाजता."

गेडाम मॅडमची पुढं बढती झाली. जाताना त्यांनी राखणदारापुढं स्वतः नारळ ठेवला. कुणाकडून म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मासोळीकडून."

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पाहुणे येतात, शाळेची पोरं येतात, कधी वर्तमानपत्रवाले येतात. राखणदारानं इंजिन कसं थांबवलं हे मी सांगतो, आणि प्रत्येक वेळी दगड थोडा मोठा होतो. मागच्या मे महिन्यात अशीच सांगत होतो. ओट्यावर इनासही बसलेला. आता त्याचं डोकं सगळं पांढरं झालंय, हाताला कंप आहे. पाहुणे हात जोडून गेले. इनास आपल्या चहात बघत हसत होता.

"हसतस कित्याक?"

"डिझेलचो कॉक," तो म्हणाला.

"कसलो कॉक?"

"काळ्या खडपाच्या आडोशाक इलाव आणि मी डिझेलच्या नळयेचो कॉक बंद केलंय. नांगर धरता थंय. भायर दर्यात केलंय असतंय तर पोरा मेली असती. तूच सांगलं होतंस ना, जीव घेव नको म्हणान." त्यानं बशीत चहा ओतून घेतला. "त्या गेडाम बाईन बघल्यान होता. कॉक आडवो होतो, म्हणजे बंद. तिणा माझ्याकडे बघल्यान, आणि रुमाल लावून वर गेली. रुमालाच्या आड हसत होती ती."

इतकी वर्षं मी जी देवाची करणी म्हणून विकली, ती माझ्या शेजारी बसून चहा फुंकत होती.

"म्हणजे तू त्येच्यासाठीच चढलंस? सगळ्यांच्या आधी?"

"मगे? देव काय इंजिन शिकलो हा? कोणीतरी करूक होया ना."

"पण इनासा, तू किरिस्ताव. म्हाराजो आमचो. तुका त्या गाऱ्हाण्याचा बंधन नव्हता."

इनासनं बशी खाली ठेवली.

"म्हाराजो तुमचो," तो म्हणाला. "पण 'व्हय' माझो होतो."

बाहेर खाडीच्या मुखातून एक ट्रॉलर आत येत होता, भरलेला, पाण्यात खोल बसलेला. मी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि इनासला म्हटलं,

"व्हय म्हाराजा."